बाकाला येणारे एकच क्रियापद

मी एक जुना बाक आहे आणि मला एक इंग्रजी क्रियापद येते. मित्रांनो, या दोन गोष्टी एका वाक्यात ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. लाकडाला भाषा कशी येणार, असे कुणी विचारले असते तर पूर्वी मीही हसलो असतो. मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही, आपली मराठीसुद्धा मी नुसती ऐकून शिकलो. पण तो एक शब्द माझ्यावर बसून इतक्या वेळा म्हटला गेला, की तो माझ्या रेषांमध्ये मुरला आहे. तो कसा मुरला, ते मला सांगायचे आहे.

माझा जन्म तुरुंगातल्या सुतारशाळेत झाला. कोर्टाचे बरेचसे लाकडी सामान तिथेच तयार होत असे. मला बनवणारा माणूस फारसा बोलत नसे. रंधा मारून झाला, पाय बसवून झाले, तरी तो माझी पुढची कड घासतच राहिला. तिथले मुकादम वैतागले.

"अरे बाबा, बाक करतोयस की पाळणा?"

"बाकच करतोय, साहेब. पण यावर बसणाऱ्याला आधीच पुष्कळ टोचत असतं," तो म्हणाला.

तो स्वतः कधीतरी अशाच एखाद्या बाकावर बसला असणार. त्याने गोल केलेली ती कड अजून तशीच आहे. माझ्याकडे अभिमानाने दाखवण्यासारखे तेवढेच आहे.

मला तिसऱ्या नंबरच्या दालनाबाहेर, दाराला अगदी खेटून ठेवले. त्या दाराची चौकट थोडी वाकलेली होती, त्यामुळे ते कधीच पूर्ण बंद होत नसे. आतले मला ऐकू येई आणि बाहेरचे तर सगळे माझ्यावरच घडे. वर्षानुवर्षे बसणारी माणसे पाहून मी माझ्यापुरते एक शास्त्र जमवले. ज्याला आशा असते तो कडेवर बसतो, हाक आली की उठायला सोपे जावे म्हणून. ज्याची आशा संपते तो पाठ पूर्ण टेकतो. माणूस उठून गेला तरी त्याची ऊब लाकडात थोडा वेळ राहते. धातूची खुर्ची ती लगेच सोडून देते. लाकूड सावकाश सोडते.

एकदा एक वयस्कर न्यायाधीश बुटाची नाडी बांधायला माझ्यावर टेकले आणि म्हणाले, "या इमारतीत एवढी एकच वस्तू धड आहे." ते ऐकून पट्टेवाल्याने पुढे आठवडाभर मला रोज ओल्या फडक्याने पुसले. नंतर तो ते विसरला.

हा पट्टेवाला दारात उभा राहून नावे पुकारायचा. आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून तेज. त्याच्या बोलण्यातूनच मला कोर्टाचे कामकाज समजले. आमच्याकडे मोठ्या गुन्ह्यात आरोपी दोषी आहे की नाही, हे एकटे न्यायाधीश ठरवत नाहीत. शहरातली साधी बारा माणसे ठरवतात. त्यांना ज्युरी म्हणतात. पुष्कळ माणसांना बोलावणे जाते. त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका पेटीत घालून हलवतात आणि एकेक चिठ्ठी काढतात. ज्याचे नाव निघेल त्याला न्यायाधीश विचारतात, खटल्यातल्या कुणाला तुम्ही ओळखता का? ओळखत असेल तर तो घरी जातो. असे करत बारा जण उरले, की ते शपथ घेतात आणि आपल्या जागी बसतात. मग पुढे काहीही होऊ शकते. तोवर काहीच होऊ शकत नाही.

आता बाईंबद्दल सांगतो.

त्या एका बालवाडीत शिकवायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत, पट्टेवालासुद्धा. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा अगदी कडेवर बसल्या. त्यांच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ होते, शिट्टीमामा. मामा एका शिवणकामाच्या कारखान्यात चौकीदार होते. तिथला भोंगा बिघडल्यापासून कामाची पाळी सुरू झाली आणि संपली, की ते शिट्टी फुंकायचे, म्हणून ते नाव. कारखाना आता नव्हता, पण शिट्टी त्यांच्या खिशात असायची. कोर्टाच्या फाटकावरचा शिपाई ती दर वेळी काढून घ्यायचा आणि जाताना परत द्यायचा.

"शिट्टीला आत बंदी का हो?" मामांनी एकदा विचारले.

"वाजली तर वकील शाळा सुटल्यासारखे पळतील," पट्टेवाला म्हणाला.

बाईंची मुलगी त्या कारखान्यात मशीनवर बसायची. लहानखुरी, सतत धावपळ करणारी. घरात तिला मुंगी म्हणत आणि मामाही तिला मुंगीच म्हणत. एके दुपारी कारखान्यात आग लागली. पुढच्या टेबलांवरच्या बायका पुढच्या दाराने बाहेर पडल्या. मुंगीचे टेबल सगळ्यांत मागे होते. ती मागच्या दाराकडे धावली. मागच्या दाराला कुलूप होते.

कापडाचे तुकडे चोरीला जातात, असा मालकाला संशय होता. आगीच्या आदल्या दिवशी त्याने मामांना मागचे दार लावायला सांगितले आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. तेव्हा तिथे दोघांशिवाय कुणी नव्हते. मालक आता म्हणत होता, की कुलूप चौकीदाराने आपल्या मनाने घातले आणि किल्लीही त्यानेच हरवली. मामांनी खरे काय ते पोलिसांना सांगितले होते. पण ते त्या बारा जणांसमोर, मालकाच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरे देत, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे होते. तरच ते ग्राह्य धरले जाणार होते.

बाईंना पैसे नको होते. मालकाला किती शिक्षा होईल, हेही त्यांनी कधी विचारले नाही. मामांनी ते वाक्य बारा माणसांसमोर म्हणावे आणि त्या बारा माणसांनी ते ऐकावे, एवढेच त्यांना हवे होते. "माझ्या पोरीने दार शोधलं होतं," त्या म्हणायच्या. "ती घाबरून बसून राहिली नाही. एवढं तरी कुणीतरी ऐकायला नको का?"

पण तारखा पडत राहिल्या. एकदा न्यायाधीश आजारी पडले, एकदा बोलावलेली माणसे पुरेशी आलीच नाहीत. दर वेळी आतून तोच एक शब्द दाराच्या फटीतून बाहेर यायचा. शेवटी बाईंनी विचारले.

"दादा, आत ते सारखं काय म्हणतात हो? तो एक शब्द?"

"आत दिवसभर शब्दच असतात, बाई. त्यातला कोणता?" पट्टेवाला म्हणाला.

"इम... असं काहीतरी."

"हां, इम्पॅनल. ज्युरी इम्पॅनल करायची. म्हणजे नावं काढायची, एकेकाला पारखायचं, शपथ द्यायची आणि बारा जणांना जागेवर बसवायचं. हे सगळं मिळून एक क्रियापद."

"एवढं सगळं एका शब्दात?"

"इंग्रजी आहे ना. म्हणायला क्षण लागतो, करायला वर्ष."

"मला वाटलं गोळीचं नाव आहे," मामा म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणानंतर."

बाई हसल्या. माझ्यावर बसून त्या पहिल्यांदा हसल्या, तो क्षण मला आठवतो. मग त्यांनी तो शब्द बालवाडीतल्या पद्धतीने पाठ केला. नवा शब्द मुलांना शिकवताना त्या टाळ्या वाजवत. इम्, टाळी. पॅ, टाळी. नल, टाळी.

"हे तर मी रोजच करते की," त्या म्हणाल्या. "नावं पुकारते, हात स्वच्छ आहेत का बघते, ओळीत बसवते. फक्त माझ्याकडे बारा जण एका वेळी कधी बसत नाहीत. अकरावा बसेपर्यंत पहिला उठतो."

त्या दिवसापासून तो शब्द त्यांच्यासाठी दारासारखा झाला. तो एकदा घडला, की मामा बोलणार. मामा बोलले, की झाले.

आणि एके दिवशी तो घडला.

त्या सकाळी खालच्या मोठ्या खोलीतला पाण्याचा नळ फुटला. ज्युरीसाठी बोलावलेली माणसे एरवी त्या खोलीत थांबत. त्या दिवशी त्यांना वर, आमच्या व्हरांड्यात आणून उभे केले. व्हरांड्यात नेहमीच गर्दी असते. कोण कशासाठी आले आहे, हे कपाळावर लिहिलेले नसते. एक अनोळखी स्त्री भिंतीला टेकून उभी होती. तिचे पाय चपलेच्या पट्ट्यांवर सुजून आले होते.

बाईंना असे बघवत नसे. मुलाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली, तर रस्त्यातही वाकून बांधणाऱ्यांपैकी त्या.

"अहो, उभ्या का? या, बसा. मामा, सरका थोडे."

"नको, एकदा बसले की उठवत नाही. दिवसभर उभं राहायचाच धंदा आहे माझा. केस कापते मी."

"मग बसाच," मामा म्हणाले. "इथेही दिवसभर केसच चालतात. पण एकही लवकर कापून होत नाही."

ती हसत बसली. बाईंनी आपली पिशवी तिच्या पायांखाली सरकवली. पुढे जे झाले, ते जगातल्या कुठल्याही बाकावर होते. तुम्ही कुठून आलात, मुले किती, हे पायाचे दुखणे कधीपासून. मग केशकर्तनवालीने विचारले, "तुमचं काय काम इथे?" आणि बाईंनी सांगितले. मुंगीबद्दल सांगितले. ती भात न चावता गिळायची आणि उड्या मारत कामाला जायची, तेही सांगितले. दाराबद्दल सांगितले. केशकर्तनवाली रडू लागली. बाईंनी तिला आपला रुमाल दिला. दोघींनी एकमेकींची नावे विचारली नाहीत. ती विचारायची राहूनच जातात.

मग पट्टेवाल्याने हाक दिली आणि उभे असलेले सगळे आत गेले. केशकर्तनवालीही उठली. बाईंना वाटले, हिचेही आत काहीतरी काम असेल.

आत चिठ्ठ्या निघाल्या. तिचीही निघाली. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, इथल्या कुणाला ओळखता का? ती नाही म्हणाली. मित्रांनो, ती खोटे बोलली नाही. थोडा वेळ शेजारी बसलेल्या, नावही माहीत नसलेल्या बाईला ओळखणे म्हणतात, हे तिच्या मनातही आले नाही. आणि आत जाऊन मागच्या रांगेत बसलेल्या बाईंना ती बारांत दिसली, तेव्हा त्यांच्याही मनात एवढेच आले, की बरे झाले, चांगली बाई आहे.

संध्याकाळी बाई बाहेर आल्या आणि माझ्या पाठीवर तळहाताने तीन थापा मारल्या.

"झालं, मामा! इम्पॅनल झालं! उद्या तुम्ही बोलायचं."

"बोलतो की," मामा म्हणाले. "शिट्टीसारखं स्वच्छ बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या कडेवर बसल्या होत्या. मालकाचा वकील खिडकीपाशी उभा होता. बारा जणांना रांगेने आत नेत होते. केशकर्तनवाली रांगेतून क्षणभर बाजूला झाली. तिने रात्री तो रुमाल धुतला होता, इस्त्री केला होता, चार घड्या घातल्या होत्या. तिने तो बाईंच्या हातात ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेली.

वकिलाने ते पाहिले.

त्या दिवशी दार आतून दाबून बंद केले गेले. बराच वेळ गेला. मग केशकर्तनवाली एकटी बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते. "मी फक्त रुमाल परत दिला हो," ती म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कोण जाणे. बहुधा माझ्याशी, कारण बाईंच्या जवळ जायला तिला आता परवानगी नव्हती.

सरकारी वकील एक तरुण मुलगी होती. ती येऊन बाईंसमोर उकिडवी बसली.

"ज्युरी बरखास्त झाली, बाई. सगळीच्या सगळी. आत बसल्यावर बाकीच्यांशीही ती रुमालवाली तुमच्या मुलीबद्दल बोलली असेल, असं मालकाच्या वकिलाचं म्हणणं. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. आता नवी इम्पॅनल करावी लागेल."

"कधी?"

"पुढची तारीख लांबची आहे. बहुतेक पुढच्या वर्षी."

बाई हातातल्या रुमालाकडे बघत राहिल्या. "मी काय केलं, हो?"

"काही नाही. माणसासारखं वागलात," वकील मुलगी म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "पण यापुढे या बाकावर कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. आणि मामांशी आगीबद्दल तर मुळीच नाही. दार, किल्ली, मुंगी, काही नाही. तुम्ही मामांना पढवलंत असं त्या वकिलाला म्हणता आलं, तर मामांचं बोलणंही जाईल. कळलं ना?"

"कळलं," बाई म्हणाल्या.

त्यांना खरोखरच कळले. मित्रांनो, इतके कळायला नको होते.

मोठी तारीख लांब असली, तरी मधे लहानसहान तारखा असतात. सह्या, हजेऱ्या, कसले कसले अर्ज. बाई आणि मामा येत राहिले. मामांना कुणी नव्हते, म्हणून बाई त्यांना घरून घेऊन येत. दोघांच्या मधे आता पिशवी असे. पूर्वी नसे.

मामांमधला फरक आधी मला जाणवला, कारण मी वजन मोजतो. पूर्वी ते बसायचे तेव्हा त्यांना माहीत असायचे की आपण कुठे बसतो आहोत. आता ते हाताने चाचपून बसू लागले. एकदा जाताना ते फाटकावरून शिट्टी न घेताच निघाले. शिपाई मागून धावत आला. एकदा त्यांनी पट्टेवाल्याला विचारले, "बस कधी येणार?"

"येईल, मामा, येईल," पट्टेवाला म्हणाला. त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही.

बाईंनी वकील मुलीला गाठले. "त्यांना विसरायला होतंय. लवकर घ्या हो त्यांचं बोलणं." मुलीने अर्ज केला. उत्तर आले, की आधीचे खटले रांगेत आहेत. तिने पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर आले.

आता काय करायचे? बाईंना बालवाडीत एक गोष्ट रोज दिसायची. मूल जे रोज म्हणते ते राहते, जे म्हणत नाही ते जाते. मामांनी काय रोज म्हणायला हवे होते, हे त्यांना पक्के माहीत होते. मालक आला, दार लाव म्हणाला, किल्ली त्याने घेतली. दोन-तीन शब्दांची वाक्ये. पण तीच वाक्ये त्यांना मना होती. मग त्यांनी जे म्हणायला मनाई नव्हती ते घेतले. डोके चालते राहिले, तर बाकीचेही राहील, असा त्यांचा हिशेब.

"मामा, म्हणा बघू. इम्."

"इम्." टाळी.

"पॅ."

"पॅ." टाळी.

"नल!"

"नल!" आणि मामा लहान मुलासारखे खूश होऊन माझ्या कडेवर शेवटची टाळी मारायचे. त्या सुताराने घासून गोल केलेल्या कडेवर.

दर तारखेला हे चाले. घरीही चालत असणार, कारण मामांचा शब्द दिवसेंदिवस पक्का होत गेला. येणारेजाणारे बघत. कुणी हसत. मालकाच्या वकिलालाही त्यात आक्षेपार्ह काही सापडले नाही. तो शब्द तर कोर्टाचाच होता.

मग ती दुपार आली. व्हरांडा रिकामा होता. माझ्यावर ते दोघेच होते. मामा बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होते. अचानक त्यांनी विचारले,

"बाई, ती मुंगी असते कुठे हल्ली? दिसत नाही बऱ्याच दिवसांत."

बाईंच्या अंगातून जे गेले, ते माझ्या पायांपर्यंत आले.

त्या वेळी त्या सांगू शकल्या असत्या. ऐकायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हते. मामा, ती त्या दाराशी होती. मागच्या दाराशी. आठवते का, किल्ली कुणी घेतली होती? कदाचित तेवढ्याने मामांच्या डोक्यातले सगळे दिवे एकदम लागले असते. कदाचित नसते लागले. मला माहीत नाही. मला एवढेच माहीत आहे, की बाईंनी तोंड उघडले आणि त्यांची नजर खिडकीपाशी गेली, जिथे एकदा तो वकील उभा होता. तिथे आता कुणी नव्हते. तरी त्यांनी तोंड मिटले. या बाकावर त्या एकदा मोकळेपणाने बोलल्या होत्या आणि त्याचे काय झाले, ते त्यांच्या पर्समध्ये चार घड्या घालून ठेवलेले होते.

मामा वाट बघत होते.

बाईंनी दोन्ही हात वर केले.

"इम्," त्या म्हणाल्या. टाळी.

"पॅ-नल!" मामांनी उरलेले एका दमात म्हटले आणि प्रश्न विसरून हसले.

मुंगीबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही.

अखेर मोठी तारीख आली. नवी माणसे आली आणि खालच्या खोलीत थांबली. नळ दुरुस्त झालेला होता. चिठ्ठ्या निघाल्या, बारा जण शपथ घेऊन बसले. बाई कुणाकडे बघत नव्हत्या. जिन्यात एकाची टोपी पडली, तरी त्यांनी उचलून दिली नाही. मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते.

त्या दिवशी उकाडा होता, म्हणून दार उघडे ठेवले होते. पट्टेवाल्याने मामांना पुकारले आणि हाताला धरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत नेले. मामांनी समोर पाहिले. दोन रांगांत बसलेली बारा माणसे पाहून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी ओळखले. इतके दिवस जे घोकले ते हेच, हे त्यांना कळले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, तीन, स्वच्छ, आणि मोठ्या आवाजात तो शब्द म्हटला. उच्चार इतका शुद्ध होता, की टंकलेखक बाईने मान वर केली.

बारांतले काही जण हसले. ते वाईट हसू नव्हते. म्हाताऱ्या माणसाचे कौतुक करावे तसे हसले.

वकील मुलीने हळू आवाजात विचारले, "मामा, कारखान्याचं मागचं दार आठवतं?"

"दार," मामा म्हणाले.

"त्याची किल्ली कुणाकडे होती?"

मामांनी खिसे चाचपले. एक, मग दुसरा. मग ते काळजीत पडले. "शिट्टी फाटकावर ठेवलीय," ते म्हणाले. "जाताना देतात."

मालकाच्या वकिलाने एकही प्रश्न विचारला नाही. त्याला गरजच नव्हती.

निकाल लागायला फार वेळ लागला नाही. मालक माझ्यासमोरून गेला. त्याच्या नव्या बुटांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आला. नंतर बाई आल्या आणि बसल्या. पाठ पूर्ण टेकून बसल्या. पट्टेवाल्याने मामांना आणून त्यांच्या शेजारी बसवले आणि तो तिथेच घुटमळत राहिला, काहीतरी बोलावे म्हणून. त्याने खिशातून फडके काढले आणि माझ्या कडेवरची नसलेली धूळ पुसली.

मामा बाईंकडे वळले. आता दोघांच्या मधे पिशवी नव्हती.

"बाई, बरोबर म्हटलं ना मी?"

बाईंनी पर्समधून रुमाल काढला. चार घड्यांचा, इस्त्रीचा, तसाच ठेवलेला. तो त्यांनी पहिल्यांदा उलगडला आणि मामांच्या कपाळावरचा घाम टिपला.

"अगदी बरोबर म्हटलंत, मामा," त्या म्हणाल्या. "एकही अक्षर चुकलं नाही."

ते दोघे उठून गेल्यावर ऊब बराच वेळ राहिली. ती मी सावकाश सोडली. जमेल तितकी सावकाश.

पुढे व्हरांड्यात धातूच्या खुर्च्या आल्या, जमिनीला बोल्ट मारलेल्या, एकमेकींपासून अंतरावर. कुणाला सरका म्हणायची सोय नाही. मला जिन्याखालच्या अडगळीत ठेवले आहे. माझा एक पाय निखळला आहे आणि माझ्यावर रिकामे खोके रचलेले आहेत. कधीकधी तुमच्यासारखी मुले शाळेतून कोर्ट बघायला येतात आणि जिन्याखाली डोकावतात, म्हणून हे सांगता आले.

मित्रांनो, माझा पाय बसवा असे मी म्हणणार नाही. बसवलात तर आनंद होईल, पण माझे मागणे दुसरे आहे. तुमच्या घरात, शेजारी, शाळेच्या फाटकावर एखादे म्हातारे माणूस असेल. त्याच्याजवळ काहीतरी असते, जे फक्त त्यानेच पाहिलेले असते. ते त्याला आज विचारा. पुढच्या तारखेला नको. आणि ते सांगू लागले, की त्याच्या शेजारी बसा, मधली पिशवी उचलून खाली ठेवा आणि पूर्ण ऐका.

मला आता कुणी काही सांगायला येत नाही. पण कधी वर जिन्यात कुणाच्या तरी चपलांचे तीन आवाज ओळीने होतात, आणि या अंधारात मी तो शब्द पूर्ण म्हणतो. एकही अक्षर चुकत नाही.